कान्हेरी ते सोपारा: ठाण्याहून एका दिवसात मठ आणि बंदरांची फेरी

ठाणेकराला कान्हेरीची लेणी माहीत असतात, वसईचा किल्ला माहीत असतो, सोपाऱ्याचं, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यातल्या जुन्या बंदराचं, नाव शाळेत असताना वाचलेलं असतं. पण ही ठिकाणं आपण सुटी सुटी बघतो. कान्हेरी कॉलेजच्या ग्रुपबरोबर पावसात, वसई कुणाच्या तरी लग्नाला गेलो की येता येता, आणि सोपारा बहुधा राहूनच जातं. एका दिवसात, एका ओळीत बघितली की त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं दिसू लागतं. या किनाऱ्यावर मठ उभे राहिले ते बंदरांच्या पैशावर. आधी बौद्ध भिक्खूंचे, मग दीड हजार वर्षांनी पोर्तुगीज पाद्र्यांचे. धर्म वेगळा, राजा वेगळा, पण खाडीत गलबतं लागत होती म्हणून डोंगरावर आणि कोटात दगड घडवणाऱ्यांना काम होतं. हा धागा हातात ठेवून लोकांना फिरवलंत तर दिवसभराची पायपीट कुणाला जड जात नाही.

सोसायटीतली, ऑफिसातली किंवा नात्यातली दहा-पंधरा माणसं घेऊन जाणाऱ्यासाठी हे लिहिलं आहे. एकटे-दुकटे जाणार असाल तर शेवटी लोकल-बसचा मार्गही दिला आहे.

दिवस कोणता, माणसं किती

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस धरा. पावसाळ्यात कान्हेरी देखणी दिसते हे खरं, पण पायऱ्या निसरड्या होतात, गर्दी धबधब्यासाठी आलेली असते आणि तिथे उभं राहून काही सांगायला जावं तर आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नाही. मार्चनंतर वसईच्या किल्ल्यात दुपारी उभं राहवत नाही. सोमवार वर्ज्य, कारण कान्हेरी ज्यात आहे ते राष्ट्रीय उद्यान त्या दिवशी बंद असतं. शनिवार-रविवारपैकी शनिवार बरा. महाशिवरात्रीला वाटेतल्या मंडपेश्वराच्या गुहेला रांग असते, तो दिवसही टाळा.

टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मावतील तितकीच माणसं घ्या. दुसरी गाडी झाली की निम्मा दिवस 'ते कुठे पोचले' या फोनांत जातो. एक जण पुढे, एक भरवशाचा माणूस शेवटी, हे आधी ठरवून टाका. कान्हेरीत वाटा फुटतात आणि फोटो काढणारी मंडळी हमखास मागे राहतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना आदल्या दिवशीच सांगा की पहिली तीन लेणी तिकीट खिडकीपासून जवळ आहेत, तेवढी बघून सावलीत बसता येईल. वर जाऊन मग 'मला जमत नाही' म्हणण्याची वेळ कुणावर आणू नका.

बरोबर काय घ्यायचं: स्टीलच्या बाटलीत पाणी, टोपी, घट्ट पकडीचे बूट आणि एक चांगली टॉर्च. टॉर्च विसरू नका. लेण्यांतलं कोरीवकाम बाजूने तिरका उजेड टाकला की उठून दिसतं. मोबाइलचा समोरून पडणारा उजेड ते सपाट करून टाकतो. ट्रायपॉड आणू नका, संरक्षित स्मारकात त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

निघण्याआधी ठाण्यातलंच थोडं

सहा-सव्वासहाला निघा. गाडी घोडबंदर रोडला लागेपर्यंत सगळे अर्धवट झोपेत असतात, तेवढ्यात ठाण्याची गोष्ट सांगून घ्या. शिलाहारांच्या ताम्रपटांत येणारं श्रीस्थानक ते हेच. १३२१ साली इथे चार फ्रान्सिस्कन पाद्री मारले गेले, म्हणजे वास्को द गामा यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी युरोपातली धर्मप्रचारक मंडळी या बंदरात उतरली होती. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास बांधायला घेतलेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला ठाण्याचा किल्ला म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह. तो बाहेरूनच बघावा, आतून बघायची वेळ कुणावर येऊ नये.

उजव्या हाताला अधूनमधून खाडी दिसते, डाव्या हाताला येऊरचा डोंगर सोबत असतो. कान्हेरी याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. 'मग येऊरहून चालत का नाही जायचं?' असं कुणीतरी विचारतंच. ते संरक्षित जंगल आहे, तशी परवानगी नाही आणि बिबटे खरोखर आहेत. ठाणे-बोरिवली बोगदा होईल तेव्हा होईल. तोवर घोडबंदर, फाउंटन आणि हायवेने बोरिवली. घोडबंदर गावाजवळच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला छोटा किल्ला आहे. त्याचं नुसतं नाव सांगा, उतरू नका. या दिवसात त्याला वेळ नाही.

कान्हेरी: इथे अडीच तास द्या

उद्यानाचं तिकीट दरवाजाशी, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट वर वेगळं. लेणी दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत. खाजगी गाडी आत सोडण्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे उद्यानाच्या बसची तयारी ठेवूनच जा. माकडं फार आहेत. हातात पिशवी दिसली की ती खाऊचीच समजतात, म्हणून नाश्ता गाडीतच उरकून घ्या.

इथे शंभराहून जास्त लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं हा मठ नांदता होता. सगळी बघायच्या फंदात पडू नका. मी नेहमी पाच-सहाच दाखवतो, आणि सुरुवात तिसऱ्या क्रमांकापासून करतो.

ते मोठं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं पूजेचं दालन. दुसऱ्या शतकात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात हे काम झालं, आणि ते सुरू केलं दोन व्यापारी भावांनी, असं तिथला लेखच सांगतो. दर्शनी भिंतीवर जी धट्टीकट्टी स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत, ती देव समजून लोक हात जोडतात. ती दानकर्त्यांची जोडपी मानली जातात. त्यांचे दागिने, पुरुषांची पागोटी, कमरेचे शेले नीट बघायला लावा. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. ते नंतरचे, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे. आत शिरल्यावर लगेच बोलू नका. डोळे अंधाराला सरावू द्या, मग टॉर्च काढा. काही खांबांच्या माथ्यावर हत्ती आहेत, माणसं आहेत, स्तूपाची पूजा चालली आहे. त्याच ओळीतले बाकीचे खांब नुसतेच अष्टकोनी, कोरे. काम पुरं झालं नाही हे मुलांच्याही लक्षात येतं. छताकडे उजेड टाका: लाकडी कमानी बसवायच्या खाचा दिसतील. लाकूड केव्हाच गेलं.

तिथून ओढ्याच्या बाजूने अकराव्या लेण्यात, ज्याला दरबार लेणं म्हणतात. लांबट सभागृह आणि जमिनीत कोरलेले दोन लांब, बुटके बाक. वेरूळचं पाचवं लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांना चटकन ओळख पटेल. नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळी, उत्तर कोकणात शिलाहार राज्य करत असतानाही इथे दानं येत होती, याचे लेख इथे आहेत.

पण माझ्या मते कान्हेरीतली सर्वांत बघण्यासारखी गोष्ट मूर्ती नाही, पाणी आहे. वर चढताना पायाखाली बघत चला. खडकात बोटभर, वीतभर रुंदीचे पाट कोरलेले दिसतील. ते उतारावरून वळणं घेत लेण्यांच्या तोंडाशी असलेल्या टाक्यांकडे जातात. शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलं आहे, आणि पोढी दान करणं हे लेणं दान करण्याइतकंच मोठं पुण्य होतं. एका छोट्या विहारापाशी सगळ्यांना थांबवा आणि त्याचा आराखडा हाताने दाखवा: समोर अंगण, बाजूला पोढी, व्हरांडा, आत खोली, खोलीत झोपायचा दगडी ओटा. एखाद्याला त्या ओट्यावर बसायला सांगा. पावसाळ्यात तीन महिने भिक्खू फिरायचे थांबत आणि अशा खोलीत राहत. त्या तीन महिन्यांचा खर्च कोण करत होतं, हा प्रश्न इथेच टाका.

उत्तर भिंतींवर आहे. दान देणाऱ्यांत कल्याणचे लोक आहेत, सोपाऱ्याचे आहेत, चेमुल म्हणजे चौलचे आहेत, नाशिकचेही आहेत. कुणी शेत दिलं, कुणी रक्कम. मुदलाला हात लावायचा नाही आणि व्याजातून भिक्खूंना चीवर, म्हणजे वस्त्रं द्यायची, अशी व्यवस्था. अक्षयनीवी म्हणत तिला. बँकेत काम करणारा कुणी बरोबर असेल तर त्याला हे लगेच समजतं: ही तर मुदत ठेव झाली, फक्त मुदत कधीच न संपणारी.

अंगात दम असेल तर आणखी तीन ठिकाणं. चौतिसाव्यात छतावर अपुऱ्या राहिलेल्या चित्राच्या रेषा दिसतात. एकेचाळिसाव्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व आहे. भारतातल्या लेण्यांत अशी मूर्ती दुसरीकडे दिसत नाही. आणि नव्वदाव्यात पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत. १००९ आणि १०२१ साली इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. मुलांना हा भाग फार आवडतो, पण लगेच बजावा की आज कुणी असं नाव कोरलं तर तो गुन्हा आहे.

पावणेअकराला खाली उतरायला लागा. कान्हेरीत प्रत्येक जण 'अजून एक लेणं' म्हणतो आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोसळतं.

मंडपेश्वर: अर्धा तास, पण चुकवू नका

बोरिवली पश्चिमेच्या टोकाला, आयसी कॉलनीला लागून ही शैव गुहा आहे, साधारण सहाव्या शतकातली. नटराजाचं शिल्प खूप झिजलेलं आहे, टॉर्च इथेही लागेल. फ्रान्सिस्कन पाद्री सोळाव्या शतकात इथे आले तेव्हा त्यांनी या गुहेचंच चर्च केलं आणि वर, गुहेच्या डोक्यावर, आपला मठ आणि विद्यालय बांधलं. त्या इमारतीचे छप्पर उडालेले अवशेष अजून उभे आहेत. आतल्या एका भिंतीवर शिल्प होतं त्या जागी कोरलेला क्रूस आहे. १७३९ नंतर मराठ्यांच्या अमलात गुहा पुन्हा शिवाची झाली आणि आज तिथे रोज पूजा होते. कॉलनीचं नाव ज्या चर्चवरून पडलं ते पलीकडेच आहे आणि तेही भरलेलं असतं.

लोकांना गुहेसमोरच्या मोकळ्या जागेत उभं करा आणि खालून वर बघायला सांगा: खाली कातळातले खांब, वर चुन्यातली भिंत. फार बोलायची गरज पडत नाही. इथे वाद घालायला उत्सुक मंडळी निघतात. कोणी कोणाचं काय पाडलं यावर चर्चा रंगली की गाडीत बसवा.

खाडी ओलांडताना

इथून वसईला दोन वाटा. हायवेने वरसावे पुलावरून गेलात तर रस्ता सरळ, पण गर्दीचा भरवसा नाही. दुसरी वाट भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून रो-रो बोटीची. ही सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. गाडीही बोटीवर चढते, पाण्यावरचा वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास, आणि उतरता ते किल्ल्याच्या कुशीत. मला विचाराल तर हीच वाट. पोर्तुगीजांना, मराठ्यांना, त्याआधी गुजरातच्या सुलतानाला हा मुलूख का हवा होता ते पाण्यावरून कळतं. उल्हास नदी इथे समुद्राला मिळते, आणि या खाडीच्या तोंडाशी जो बसला त्याच्या परवानगीशिवाय आत ठाणे-कल्याणला गलबत जात नव्हतं. बोटीच्या वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा आणि बारा वाजता मंडपेश्वर सोडा.

जेवण वसई गावात. किल्ल्यात शिरण्याआधीच स्वच्छतागृहाचं सगळं उरकून घ्या, आत भरवसा ठेवू नका. केळीच्या वाड्यांचा हा भाग. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी मिळाली तर घ्या. ती दिसायला काळपट असतात म्हणून लोक नाक मुरडतात, एक तुकडा खाल्ला की पुडकं उचलतात.

वसईचा कोट

२३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतरची दोनशे वर्षं ही त्यांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. किल्ला म्हणून आत गेलात तर निराशा होईल, कारण हे तटबंदीतलं शहर आहे. रस्ते होते, घरं होती, इस्पितळ होतं, आणि मठ तर दाटीवाटीने होते. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं आपलं घर.

मी क्रम असा ठेवतो. आधी दर्या दरवाजा आणि तटावरून खाडी. पलीकडे पाचूबंदरचे कोळी होड्या ओढत असतात, बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. बंदर मेलेलं नाही, फक्त मालक बदलले. तिथून सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्याकडे. जिना उघडा असेल तरच चढा, आणि एका वेळी तीन-चार जणच. आत अंधार आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत.

मग जेझुइटांचं चर्च, जे आज गोन्सालो गार्सियाच्या नावाने ओळखलं जातं. दर्शनी भागातले खांब आणि कमान अजून शाबूत आहेत. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच, जन्म १५५७ च्या सुमाराचा. पुढे फ्रान्सिस्कन झाला, जपानमध्ये गेला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्याला इतरांबरोबर क्रूसावर मारलं. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. वसईच्या ख्रिस्ती घरांत त्याचं नाव आजही घेतलं जातं.

शेवटी फ्रान्सिस्कनांचं सेंट अँथनी चर्च, आणि इथे जास्त थांबा. जमिनीत थडग्यांच्या शिळा बसवलेल्या आहेत. पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं, काहींवर नवरा-बायको दोघांची नावं. मुलांना एकेक शिळा वाटून द्या आणि साल शोधायला लावा. शिळेवर चढू देऊ नका, खडू तर अजिबात लावू देऊ नका. हलक्या हाताने वाळलेली पानं बाजूला केली की अक्षरं वाचता येतात. सकाळी कान्हेरीत ज्यांनी दानकर्त्यांची जोडपी पाहिली, त्यांच्यातलं कुणी ना कुणी इथे म्हणतंच की हेही पैसेवालेच दिसतात. तेच म्हणायला हवं असतं.

चिमाजी अप्पांची गोष्ट सांगितल्याशिवाय मराठी माणूस या किल्ल्यातून बाहेर पडू देत नाही, तेव्हा ती सांगा, पण तटाजवळ उभं राहून सांगा. वेढा १७३९ च्या फेब्रुवारीत बसला, सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग लावले गेले आणि मे महिन्यात किल्ला पडला. मराठ्यांची माणसंही फार मेली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात आणि वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. किल्ल्यात चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, वज्रेश्वरीचं आणि नागेश महादेवाचं देऊळ आहे. १८०२ च्या शेवटच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह याच वसईचा. त्यावर मी मुद्दाम जास्त बोलत नाही. परतीच्या रस्त्यावर तावातावाने बोलायला लोकांना विषय हवा.

प्री-वेडिंगवाल्यांचे धूर आणि ड्रोन दिसतील. त्यांच्याशी भांडत बसू नका, दुसऱ्या भिंतीआड जा. पावणेपाचला गाडीत.

सोपारा: उतरत्या उन्हात

इतिहासाच्या क्रमाने सोपारा पहिलं यायला हवं. पण चढण सकाळी आणि सपाटी संध्याकाळी हा साधा हिशेब आहे, म्हणून ते शेवटी. वाटेत निर्मळला तळं आणि टेकाडावरचं देऊळ आहे, गाडीतूनच दाखवा.

नालासोपारा पश्चिमेच्या वस्तीतून गाडी जाताना कुणाचाच विश्वास बसत नाही की इथे काही असेल. मग एकदम कुंपण आणि विटांचा ढासळलेला घुमट दिसतो, तोच सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप. गावकरी याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजी यांनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी सापडली: बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, सोन्याची फुलं, आठ कांस्यमूर्ती आणि यज्ञश्री सातकर्णीचं एक नाणं. तोच राजा, ज्याच्या काळातल्या कान्हेरीच्या चैत्यगृहात तुम्ही सकाळी उभे होता. त्याच वर्षी जवळच अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला आणि १९५६ मध्ये भुईगावला नवव्याचा. बौद्ध ग्रंथांतला पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी, समुद्रावर जाणारा, नंतर भिक्खू झालेला. एका माणसात बंदर आणि मठ दोन्ही.

इथे लोक वंदनेला येतात. कुणी बसलेलं असेल तर आपला घोळका बाजूला थांबवा, विटांवर चढू देऊ नका. वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. बघायला उरलंय त्यापेक्षा ऐकायला जास्त आहे, त्यामुळे सांगणाऱ्याने तयारी करून यावं. वेळ उरलाच तर चक्रेश्वर तळ्याकाठच्या देवळातल्या जुन्या मूर्ती बघा.

परत येताना, आणि गाडी नसेल तर

रविवारी संध्याकाळी विरार-अर्नाळ्याच्या रिसॉर्टवरून सुटलेल्या गाड्या आणि घोडबंदरचे ट्रक एकाच वेळी फाउंटनला येतात. म्हणून सव्वासहाला निघा, नाहीतर नालासोपाऱ्यातच निवांत खाऊन आठनंतर निघा. मधली वेळ सर्वांत वाईट. साडेसहाला निघून साडेआठला घरी, असा शब्द कुणाला देऊ नका.

गाडीशिवाय: ठाण्याहून घोडबंदरमार्गे बोरिवलीची बस, उद्यानाच्या दरवाजापासून आतली बस, खाली आल्यावर रिक्षाने मंडपेश्वर, दहिसरहून लोकलने भाईंदर, जेट्टीवरून बोटीने वसई. किल्ल्यापासून सोपाऱ्याला रिक्षा ठरवून घ्या आणि 'थांबायचं आहे' हे आधीच बोला. नालासोपाऱ्याहून दादरमार्गे ठाणे. वसई रोड-दिवा ही गाडी सोयीची, पण फेऱ्या मोजक्याच आहेत. तिची वेळ बघूनच सोपाऱ्याहून उठा.

सोपाऱ्याच्या स्तूपातली पेटी आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, अशोकाच्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. गाडीत 'मग ते बघायला कधी जायचं?' असं कुणी विचारलं तर सीएसएमटीची तारीख तिथेच पक्की करून घ्या. घरी पोचल्यावर कुणी ग्रुपवर उत्तर देत नाही.